रोमाने-काँती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील ‘दोमेन द ला रोमाने-काँती’ या वाइन बनवणाऱ्या इस्टेटीविषयी वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न किमतीचा असतो. तो येथे मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण ती जमीन आणि तिचा इतिहास समजल्याशिवाय त्या किमतीचा अर्थ लागत नाही. नावे फ्रेंच उच्चाराच्या जवळ जातील अशी लिहिली आहेत.

1. रोमाने-काँती हे वाइनचे नाव आहे, शेताचे की कंपनीचे?

तिन्हींचे, आणि गोंधळ त्यामुळेच होतो. मुळात ते एका शेताचे नाव आहे. त्या शेतातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनलाही तेच नाव आहे, आणि 1936 पासून फ्रेंच कायद्याने त्या नावाला संरक्षण दिले आहे. म्हणजे शेजारच्या शेतातील द्राक्षांच्या वाइनवर, ती कितीही चांगली असली तरी, हे नाव छापता येत नाही. ज्या इस्टेटीकडे हे शेत आहे तिचे नाव दोमेन द ला रोमाने-काँती. तिच्याकडे आणखीही मळे आहेत (प्रश्न 8 पाहा), त्यामुळे तिची प्रत्येक बाटली रोमाने-काँती नसते. पुढील उत्तरांत ‘रोमाने-काँती’ म्हणजे शेत किंवा त्याची वाइन, आणि ‘दोमेन’ म्हणजे इस्टेट असा भेद पाळला आहे.

2. हे शेत नेमके कुठे आहे आणि किती मोठे आहे?

दिजों आणि बोन या दोन शहरांच्या दरम्यान टेकड्यांची एक लांबलचक रांग उत्तर-दक्षिण पसरली आहे. तिच्या उत्तरेकडील भागाला कोत द न्वी म्हणतात. याच रांगेच्या पायथ्याशी, दिजोंच्या दक्षिणेस सुमारे 20 किलोमीटरवर व्होन-रोमाने हे लहानसे गाव आहे आणि गावामागच्या उतारावर हे शेत आहे. त्याचे क्षेत्र 1.81 हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण 4 एकर 19 गुंठे. महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम बागायतदाराची द्राक्षबागही याहून मोठी असू शकते. जगातील सर्वांत नावाजलेल्या वाइनपैकी एक एवढ्याशा जमिनीतून येते, हे प्रथम ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही.

3. तेथे जाऊन शेत पाहता येते का? वाइन चाखता येते का?

शेत रस्त्यावरून पाहता येते. बुटक्या दगडी भिंतीवर उभारलेला क्रूस ही त्याची खूण आहे. भिंतीवर एक विनंतीवजा पाटी असून, लोक हे ठिकाण पाहायला येतात हे आम्ही समजतो, परंतु कृपया रस्त्यावरच थांबावे आणि मळ्यात शिरू नये, असा तिचा आशय आहे. ही विनंती मनापासून पाळावी. वेलींमध्ये पाय ठेवला की माती दबते, आणि दररोज येणाऱ्या प्रत्येकाने चार पावले टाकली तर काय होईल हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. दोमेनचे तळघर पर्यटकांसाठी खुले नसते आणि तेथे वाइनची किरकोळ विक्रीही होत नाही.

4. हे शेत इतके जुने आहे म्हणतात, ते कशावरून?

कागदपत्रांवरून. इसवी सन 900 च्या सुमारास जवळच्या व्हेर्जी येथे सँ-व्हिव्हाँ हा मठ स्थापन झाला आणि पुढे तो क्लुनीच्या मठपरंपरेत आला. 1131 मध्ये बर्गंडीचे ड्यूक दुसरे ह्यूग यांनी व्होन आणि आसपासच्या जमिनी या मठाला दिल्या. त्या वेळी त्यातील बराच भाग रान आणि पडीक होता. तो साफ करून वेली लावण्याचे काम मठवासीयांनी पिढ्यानपिढ्या केले. कोणत्या तुकड्याची द्राक्षे आधी पिकतात, कोठे पाणी साचते, कोठली वाइन अधिक टिकते, या निरीक्षणांतून त्यांनी जमिनीच्या सीमा आखल्या.

1512 च्या नोंदींत मठाच्या ज्या बंदिस्त मळ्यांची नावे येतात, त्यांपैकी एक ‘पाच जूर्नोंचा मळा’ होता. ‘जूर्नो’ हे जमीन मोजण्याचे जुने माप असून ते एका दिवसाच्या मशागतीवरून ठरले होते. बर्गंडीत एक जूर्नो म्हणजे साधारण 34 गुंठ्यांचे क्षेत्र. पाच जूर्नो म्हणजे सुमारे 1.71 हेक्टर. हाच मळा आजचा रोमाने-काँती होय. पाचशे वर्षांपूर्वीचे माप आणि आजची मोजणी इतक्या जवळ येतात, ही मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत हलवून सोडणारी गोष्ट वाटते. राज्ये बदलली, धर्मसत्ता गेली, पण बांध जवळपास जागच्या जागी राहिला.

5. ‘रोमाने’ आणि ‘काँती’ ही नावे कशी पडली?

पैशाच्या अडचणीत आलेल्या मठाने 1584 मध्ये हा मळा कायमच्या पट्ट्याने खाजगी हातांत दिला. 1631 पासून तो क्रूनांबूर कुटुंबाकडे होता आणि त्यांच्याच काळात, 1651 च्या सुमारास, त्याला ‘ला रोमाने’ म्हटले जाऊ लागले. रोमन काळाशी नाते सांगण्याच्या इच्छेतून हे नाव आले असावे, असे सामान्यतः मानले जाते. या कुटुंबाच्या हाताखाली मळ्याची ख्याती वाढली, तसे कर्जही वाढले.

1760 मध्ये राजघराण्यातील लुई-फ्रान्स्वा द बूर्बों, म्हणजे काँतीचे राजपुत्र, यांनी आपले नाव पुढे न करता मध्यस्थामार्फत तो विकत घेतला. पंधराव्या लुईची मर्जी असलेल्या मादाम द पोंपादूर यांनाही तो हवा होता आणि राजपुत्रांनी त्यांच्यावर मात केली, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. राजपुत्रांनी वाइन बाजारात विकणे थांबवून ती आपल्या पंगतीसाठी राखून ठेवली. मात्र त्यांच्या हयातीत मळ्याच्या नावाला ‘काँती’ जोडलेले नव्हते. राज्यक्रांतीत मालमत्ता जप्त झाल्यावर 1794 मध्ये लिलाव झाला, तेव्हा हे जोडनाव रूढ झाले. राजघराण्यांचे नामोनिशाण पुसणाऱ्या काळातच एका राजपुत्राचे नाव या जमिनीला कायमचे चिकटले.

6. क्रांतीनंतर बर्गंडीतील मळ्यांचे तुकडे झाले म्हणतात. मग हा मळा अखंड कसा राहिला?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी बर्गंडीचे मर्म ओळखले आहे. क्रांतीनंतरच्या वारसा कायद्याने सर्व मुलांना समान हिस्सा दिला. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण तीन-चार पिढ्यांत एकेका मळ्याच्या पट्ट्या झाल्या आणि पट्ट्यांच्या ओळी झाल्या. हिस्सेवाटप आणि तुकडेबंदी हे शब्द ज्यांच्या घरात ऐकले गेले आहेत, त्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. शेजारचाच क्लो द व्हूजो हा सुमारे 50 हेक्टरांचा प्रसिद्ध मळा 1889 पर्यंत एका हातात होता. आज त्याचे सुमारे 80 मालक आहेत आणि एकाच नावाच्या बाटल्यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचे अंतर असते.

रोमाने-काँती दोन कारणांनी वाचला. एक म्हणजे तो मुळातच लहान होता. दुसरे म्हणजे त्याला मालक तसे मिळाले. 1819 मध्ये झ्यूलियाँ-झ्यूल उव्रार यांनी तो घेतला आणि 1869 मध्ये झाक-मारी द्युव्हो-ब्लोशे या वाइन व्यापाऱ्याकडे तो आला. आजच्या दोमेनचा पाया या द्युव्हो-ब्लोशे यांनी घातला. त्यांच्याकडे आसपासचे इतरही उत्तम मळे होते. त्यांच्या वारसांत पुढे वाटणीची वेळ आली, तेव्हा 1942 मध्ये जमीन न वाटता एक कंपनी स्थापन करण्यात आली आणि वाटणी फक्त समभागांची झाली. त्याच वर्षी निम्मा हिस्सा वाइन व्यापारी आँरी लरुआ यांनी विकत घेतला. तेव्हापासून दोमेनची मालकी दोन कुटुंबांकडे निम्मी-निम्मी आहे.

7. आज दोमेन कोण चालवते?

द व्हिलेन (द्युव्हो-ब्लोशे यांचे वारस) आणि लरुआ या दोन्ही घराण्यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी मिळून कारभार पाहतो. 1974 पासून ओबेर द व्हिलेन आणि लालू बिझ-लरुआ ही जोडी होती. 1992 मध्ये मतभेदांनंतर लालू बिझ-लरुआ यांना पद सोडावे लागले. त्यांनी पुढे स्वतःच्या दोमेनमधून स्वतंत्र कीर्ती मिळवली. त्यांच्या जागी लरुआ घराण्याकडून आँरी-फ्रेदेरिक रोक दीर्घकाळ होते आणि 2018 मध्ये त्यांच्या निधनानंतर पेरीन फेनाल आल्या. ओबेर द व्हिलेन यांनी 2022 मध्ये सूत्रे बेर्त्रां द व्हिलेन यांच्याकडे सोपवली.

येथे आणखी एका कुटुंबाचा उल्लेख करायलाच हवा. आंद्रे नोब्ले आणि त्यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव बेर्नार नोब्ले, या बापलेकांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांपासून 2018 पर्यंत तळघराची जबाबदारी सांभाळली. मालकांची नावे सर्वांना ठाऊक असतात, पण सत्तर वर्षांच्या वाइनवर प्रत्यक्ष हात या दोघांचा आहे.

8. दोमेनकडे आणखी कोणते मळे आहेत?

रोमाने-काँती आणि 6.06 हेक्टरांचा ला ताश हे दोन्ही मळे संपूर्णपणे दोमेनचे आहेत. एका मालकाच्या अशा अखंड मळ्याला फ्रेंचमध्ये ‘मोनोपोल’ म्हणतात. याशिवाय रिशबूर, रोमाने-सँ-व्हिव्हाँ, ग्राँ-एशेझो आणि एशेझो या मळ्यांत दोमेनचा मोठा वाटा आहे. यांपैकी रोमाने-सँ-व्हिव्हाँच्या नावात त्या जुन्या मठाची आठवण शिल्लक आहे; ही जमीन दोमेनने 1966 पासून खंडाने कसली आणि 1988 मध्ये विकत घेतली. पांढऱ्या वाइनसाठी माँराशे येथे हेक्टराच्या दोन-तृतीयांशाएवढा तुकडा आहे. अलीकडे कोर्तों (पहिला हंगाम 2009) आणि कोर्तों-शार्लमान्य (पहिला हंगाम 2019) यांची भर पडली आहे.

9. रोमाने-काँती 1855 च्या प्रसिद्ध वर्गवारीत का नाही?

कारण ती वर्गवारी बोर्डो प्रांताची आहे, आणि बर्गंडीची पद्धत मुळातूनच वेगळी आहे. बोर्डोत दर्जा इस्टेटीला, म्हणजे ‘शातो’ला मिळतो, शातोने शेजारची जमीन विकत घेतली तरी दर्जा कायम राहू शकतो. बर्गंडीत दर्जा जमिनीला मिळतो. मालक बदलला, तो आळशी निघाला, तरी ‘ग्राँ क्रू’ ही सर्वोच्च श्रेणी त्या शेताकडेच राहते. सीमा आखलेल्या, नाव असलेल्या अशा प्रत्येक तुकड्याला तेथे ‘क्लिमा’ म्हणतात. या रांगेतील 1,247 क्लिमांचा समावेश 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला आणि त्यासाठीच्या प्रयत्नांचे नेतृत्व ओबेर द व्हिलेन यांनी केले होते.

10. त्या मातीत असे काय आहे?

कोणतेही एक जादूचे द्रव्य नाही. शेत उताराच्या मध्यावर, समुद्रसपाटीपासून साधारण 260 ते 275 मीटर उंचीवर, पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळचे ऊन त्याला लवकर मिळते. वर चुनखडी आणि चिकणमाती मिसळलेली तपकिरी माती आहे, ती फार खोल नाही, आणि तिच्याखाली ज्युरासिक काळातील चुनखडीचा खडक आहे. चिकणमाती उन्हाळ्यात ओल धरून ठेवते. उतार आणि खडकातील भेगा जादा पाणी काढून देतात. वेलीला तहान लागते, पण ती तहानेने मरत नाही. उताराच्या वर गेले की माती पातळ होते आणि खाली गेले की ती जाड व ओलसर होते. या दोहोंमधला समतोल येथे सापडतो.

यावर शंका घेणारे विचारतात की दहा पावलांवरच्या शेजारच्या शेतात तो का सापडत नाही. प्रामाणिक उत्तर असे की तो तेथेही बऱ्याच अंशी सापडतो. रिशबूर आणि ला ताश हे शेजारी काही सामान्य नाहीत. फरक सूक्ष्म आहे, पण मठवासीयांच्या काळापासून चाखणाऱ्यांना तो जाणवत आला आहे.

11. वेली कोणत्या जातीच्या आहेत?

तांबड्या वाइनसाठी फक्त पिनो न्वार. 1395 मध्ये बर्गंडीचे ड्यूक फिलिप यांनी भरपूर पण हलके उत्पन्न देणारी गामे ही जात उपटून टाकण्याचे फर्मान काढले होते, तेव्हापासून या रांगेवर पिनोचे वर्चस्व आहे. दोमेन रोपवाटिकेतील एकाच वाणावर अवलंबून राहत नाही. स्वतःच्या जुन्या वेलींतून लहान मण्यांच्या, सुट्या घडांच्या आणि कमी उत्पन्नाच्या निरोगी वेली हेरून त्यांच्या काड्या पुढील लागवडीसाठी घेतल्या जातात. त्यामुळे मळ्यात एकाच जातीच्या पुष्कळ किंचित वेगळ्या वेली एकत्र नांदतात, आणि एका वर्षी जे एकीला बाधते ते दुसरीला बाधेलच असे नाही.

12. नाशिकच्या द्राक्षबागेशी याची तुलना करता येईल का?

दर्जाची तुलना निरर्थक आहे, पण शेतीची तुलना बरेच काही शिकवते. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी सुमारे 968 वेली बसतात. बर्गंडीत हेक्टरी 10 हजारांच्या आसपास वेली असतात, म्हणजे एकरी चार हजारांहून अधिक. तेथे मांडव नसतो. वेल गुडघ्याएवढी बुटकी ठेवतात आणि एकेका वेलीवर मोजकेच घड घेतात. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, कारण वेलीला विश्रांती देणारा हिवाळा येथे नाही. तेथे बर्फाळ हिवाळ्यात वेल पूर्ण झोपते, एकदाच छाटणी होते आणि तोडणी सप्टेंबरच्या सुमारास येते. नाशिकची तोडणी आपल्या थंडीच्या अखेरीस होते.

कलमाचा प्रश्न मात्र समान आहे, जरी कारणे वेगळी असली तरी. महाराष्ट्रातील बागायतदार पाणीटंचाई आणि क्षार यांवर उपाय म्हणून डॉगरीज खुंटावर कलम करतो. फ्रान्समध्ये अमेरिकी खुंट आला तो एका किडीमुळे (प्रश्न 16 पाहा).

13. वाइन प्रत्यक्षात कशी तयार होते?

पद्धत सांगायला सोपी आहे. तोडणी पूर्ण पिकल्यावर, बहुधा शेजाऱ्यांच्या नंतर, हातांनी होते. अनुभवी तोडणारे सडका किंवा कच्चा भाग वेलीपाशीच काढून टाकतात आणि घड लहान क्रेटमधून आणून टेबलावर पुन्हा निवडले जातात. येथपर्यंत चूक झाली तर पुढे ती कोणालाही दुरुस्त करता येत नाही, म्हणून दोमेनचा सर्वाधिक खर्च आणि माणूसबळ याच टप्प्यावर लागते.

त्यानंतरचा निर्णय दोमेनची ओळख ठरला आहे: घड मुख्यतः देठांसह, मणी न फोडता, लाकडी टाक्यांत जातात. किती घड अखंड ठेवायचे हे हंगाम पाहून ठरते. देठ हिरवे असतील तर वाइनला कडसर चव येते आणि पिकलेले असतील तर तेच देठ तिला सुगंध, ताजेपणा आणि टिकाऊपणा देतात. बाहेरून यीस्ट घातले जात नाही. द्राक्षांवर आणि तळघरात असलेले यीस्ट आपले काम करते. आंबवण सावकाश, सुमारे तीन आठवडे चालते. या काळात वर तरंगणाऱ्या सालींचा थर पुन्हापुन्हा रसात दाबला जातो, कारण रंग आणि चव सालीत असते.

मग वाइन 228 लिटरच्या नव्या ओक पिपांत जाते. पिपांचे लाकूड दोमेन स्वतः निवडते आणि बांधणीपूर्वी ते वर्षानुवर्षे उघड्यावर, पावसापाण्यात सुकवले जाते, म्हणजे त्यातील तुरटपणा धुऊन निघतो. दरवर्षी सर्व पिपे नवी असूनही तयार वाइनमध्ये लाकडाचा वास वरचढ होत नाही, हे त्या सुकवणीचे आणि मूळ द्राक्षांच्या बळाचे फळ आहे. साधारण दीड वर्षाने वाइन बाटल्यांत भरली जाते. पूर्वी प्रत्येक पीप वेगळे भरले जाई, त्यामुळे एकाच हंगामाच्या दोन बाटल्यांत फरक पडे. 1980 च्या दशकापासून काही पिपे एकत्र करून भरण्याची पद्धत आली.

14. एवढी मोठी वाइन म्हणजे ती गडद आणि जड असेल ना?

नाही. पिनो न्वारची साल पातळ असते, म्हणून रंग फिकट, माणकासारखा पारदर्शक असतो. वर्णनांत सुकलेल्या गुलाबपाकळ्या, मसाले आणि ओल्या मातीचा उल्लेख वारंवार येतो. कोवळेपणी ती बरीच मिटलेली असते आणि चांगल्या हंगामाची वाइन खुलायला दशके लागू शकतात. दोमेनच्या मळ्यांत ला ताश अधिक दणकट आणि थेट बोलणारी मानली जाते. रोमाने-काँतीचा गुण तिच्या तोलात आहे.

15. दोमेन सेंद्रिय शेती करते का?

होय. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून मळे सेंद्रिय पद्धतीने कसले जातात, आणि काही भागांवर वर्षानुवर्षे प्रयोग केल्यानंतर 2007 पासून सर्व मळ्यांत बायोडायनॅमिक पद्धत स्वीकारली गेली. या पद्धतीत वनस्पतींचे अर्क, शेणापासून केलेली खते आणि चंद्राच्या कलांनुसार कामाचे वेळापत्रक असते. चंद्रकलांच्या भागाबद्दल शास्त्रज्ञ साशंक आहेत आणि ती शंका रास्त आहे. परंतु ही पद्धत शेतकऱ्याला रोज मळ्यात चालायला लावते, आणि माझ्या मते तिचा खरा लाभ तेथेच आहे. केवडा आणि भुरी या रोगांवर गंधक व तांबे वापरले जाते. आपल्या बागायतदारांच्या परिचयाचे बोर्डो मिश्रण मूळचे फ्रान्सचेच आहे. काही मळ्यांत ट्रॅक्टरऐवजी घोड्याने नांगरणी होते, म्हणजे माती कमी दबते.

16. 1945 च्या वाइनला इतके महत्त्व का आहे?

कारण ती मूळ वेलींची अखेरची वाइन आहे. फायलॉक्सेरा ही वेलीच्या मुळांवर जगणारी सूक्ष्म कीड उत्तर अमेरिकेतून आली आणि 1860 च्या दशकापासून तिने फ्रान्समधील मळे उजाड केले. अमेरिकी वेलींची मुळे तिला दाद देत नाहीत, म्हणून अमेरिकी खुंटावर फ्रेंच काडी बांधण्याचा उपाय सर्वत्र रूढ झाला. रोमाने-काँतीच्या मालकांनी मात्र तो नाकारला. मठवासीयांच्या काळापासून या मळ्यात वेल मेली की शेजारच्या वेलीची फांदी मातीत पुरून नवी वेल करत, म्हणजे ज्याला आपण दाब कलम म्हणतो तेच. त्यामुळे सगळा मळा एका अखंड वंशाचा होता. तो तोडायचा नाही, या निश्चयाने त्यांनी जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचून किडीला कित्येक दशके रोखून धरले. हे काम खर्चाचे, घातक आणि दरवर्षी नव्याने करावे लागणारे होते.

दुसऱ्या महायुद्धात ते रसायनही मिळेना आणि माणसेही मिळेनात. वेली खंगत गेल्या. 1945 च्या वसंतात कडाक्याच्या थंडीने नवी फूट मारली आणि त्या वर्षी सगळ्या मळ्यातून केवळ 600 बाटल्या, म्हणजे दोन पिपे वाइन निघाली. पण ती द्राक्षे विलक्षण गुणाची होती. तोडणीनंतर वेली उपटल्या गेल्या, जमिनीला विश्रांती दिली गेली आणि 1947 मध्ये ला ताशच्या काड्या कलम करून नवी लागवड झाली. नव्या वेलींची पहिली रोमाने-काँती 1952 ची.

हरलेली लढाई म्हणून अनेक जण या प्रकरणाकडे पाहतात. मला तसे वाटत नाही. सोपा उपाय हाताशी असताना त्या माणसांनी साठ वर्षे वेलींची शुश्रूषा केली, आणि शेवट अटळ झाला तेव्हा नव्या लागवडीसाठी काड्या परक्या रोपवाटिकेतून न आणता घरच्याच मळ्यातून घेतल्या.

17. दरवर्षी किती बाटल्या होतात, आणि किंमत इतकी का?

हिशेब सोपा आहे. दोमेनचे सरासरी उत्पन्न हेक्टरी सुमारे 25 हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे 100 लिटर), म्हणजे कायद्याने मान्य केलेल्या मूळ मर्यादेपेक्षाही (35 हेक्टोलिटर) बरेच कमी. 1.81 हेक्टरांतून साधारण 45 हेक्टोलिटर, म्हणजे जेमतेम 6,000 बाटल्या होतात. कठीण वर्षी त्याहून कमी. ही संख्या वाढवता येत नाही, कारण शेत वाढवता येत नाही, आणि जगभरचे श्रीमंत ग्राहक मात्र वाढत आहेत. पुनर्विक्रीच्या बाजारात एका बाटलीला 10 हजार डॉलरहून अधिक भाव सहज लागतो. यातील मोठा भाग दोमेनला मिळत नाही. तो मधल्या हातांत जातो. वाइन प्यायच्या ऐवजी गुंतवणूक म्हणून तळघरांत पडून राहते, याचे दुःख वाटते.

18. सर्वांत गाजलेला लिलाव कोणता?

ऑक्टोबर 2018 मध्ये न्यूयॉर्क येथे सदबीजच्या लिलावात 1945 च्या रोमाने-काँतीची एक बाटली 5,58,000 डॉलरला गेली. ती बोन येथील वाइन घराण्यातील रोबेर द्रूआँ यांच्या खाजगी तळघरातून आलेली होती. जुन्या बाटलीच्या बाबतीत ती इतकी वर्षे कोठे होती याची खात्री असणे किती मोलाचे असते, हे पुढील उत्तरावरून कळेल.

19. माझ्याकडे 1947 ची रोमाने-काँती विकायला आली आहे. घ्यावी का?

घेऊ नये. प्रश्न 16 मध्ये सांगितल्याप्रमाणे 1946 ते 1951 या वर्षांची रोमाने-काँती अस्तित्वातच नाही. त्या काळातील ला ताश किंवा रिशबूर असू शकते, रोमाने-काँती नाही. 1945 ची बाटलीही संशयानेच पाहावी, कारण मुळात 600 होत्या आणि त्यांतील बहुतेक कधीच्याच रिकाम्या झाल्या आहेत. अमेरिकेत रूडी कुर्नियावान या विक्रेत्याला दुर्मीळ वाइन घरी बनावट तयार करून विकल्याबद्दल 2013 मध्ये दोषी ठरवून 2014 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. या वाइनच्या वेडामुळे त्याला ‘डॉक्टर काँती’ हे टोपणनाव पडले होते. खऱ्या बाटलीच्या लेबलावर बाटलीचा क्रमांक आणि त्या हंगामातील एकूण बाटल्यांची संख्या असते, पण लेबलाचीही नक्कल होते. बाटलीच्या मालकीची साखळी पटत नसेल तर व्यवहार सोडून द्यावा.

20. वेलींवर विषप्रयोग झाला होता, हे खरे आहे का?

खरे आहे. 2010 च्या जानेवारीत दोमेनला मळ्याच्या तपशीलवार नकाशासह धमकीचे पत्र आले. खोडाला छिद्र पाडून विष टोचल्याचे त्यात कळवले होते आणि 10 लाख युरोंची खंडणी मागितली होती. पाहणीत काही वेलींना खरोखरच इजा झाल्याचे आढळले. पोलिसांनी सापळा रचून, जवळच्याच शाँबोल-म्यूझिन्यी गावाच्या स्मशानभूमीत पैसे घ्यायला आलेल्या गुन्हेगाराला पकडले. मळा वाचला.

21. ‘ला रोमाने’ आणि ‘रोमाने-काँती’ एकच का? आणि ला ताशचे क्षेत्र जुन्या नोंदींत इतके लहान का दिसते?

ला रोमाने हा रोमाने-काँतीच्या लगेच वरच्या अंगाला असलेला वेगळा ग्राँ क्रू आहे. तो केवळ 0.85 हेक्टरांचा असून लिजे-बेलेर घराण्याचा आहे. त्याचा दोमेनशी संबंध नाही.

ला ताशची गोष्ट गुंतागुंतीची आहे. मूळ ला ताश 1.43 हेक्टरांचा होता आणि तोही लिजे-बेलेर यांचाच होता. शेजारच्या गोदिशो मळ्यातील आपल्या वाइनलाही दोमेन ला ताश म्हणत असे. त्यावरून न्यायालयात वाद झाला आणि निकाल दोमेनच्या बाजूने लागला. 1933 मध्ये दोमेनने मूळ ला ताशही विकत घेतला आणि दोन्ही मिळून आजचे 6.06 हेक्टर झाले. बांध जवळपास जागच्या जागी राहिला हे प्रश्न 4 मधील विधान येथे लागू पडत नाही.

22. दोमेनच्या एका बाटलीवर ‘प्रमिये क्रू’ असे लिहिलेले पाहिले. ती बनावट आहे का?

तेवढ्यावरून बनावट म्हणता येणार नाही. काही हंगामांत कोवळ्या वेलींची किंवा दुसऱ्या तोडणीची द्राक्षे मुख्य वाइनमध्ये घ्यावीत इतकी समृद्ध नसतात. अशा ग्राँ क्रू जमिनीच्या द्राक्षांपासून दोमेन ‘व्होन-रोमाने प्रमिये क्रू, क्यूव्हे द्युव्हो-ब्लोशे’ या नावाने वाइन करते, म्हणजे स्वतःहून एक श्रेणी खाली उतरते. 1930 च्या दशकातील हे नाव 1999 च्या हंगामापासून पुन्हा वापरात आले. ती दरवर्षी होत नाही.

23. 2016 ची दोमेनची माँराशे कोठेच का मिळत नाही?

त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस गोठलेल्या दहिवराने माँराशेतील कोवळी फूट जाळून टाकली. काही मालकांच्या वाट्याला एक पीपही भरणार नाही इतकीच द्राक्षे आली. तेव्हा दोमेनसह सात मालकांनी आपापली द्राक्षे एकत्र केली आणि त्यांच्यापैकीच ‘दोमेन लफ्लेव्ह’ या दुसऱ्या इस्टेटीच्या तळघरात सर्वांची मिळून एकच वाइन तयार झाली, अवघी दोन पिपे. म्हणून 2016 ची माँराशे कोणी केवळ दोमेन द ला रोमाने-काँतीच्या नावाने विकत असेल, तर तिच्या बाबतीत प्रश्न 19 मधील सल्ला जसाच्या तसा लागू होतो.